कपिला उपाशी आहे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कुणी खी खी केलं तर मी सांगायचा थांबेन, आणि तुमचा चहा उगीच गार होईल. कारण मी जो घोळ घातलाय ना, त्यात एक गाय, एक म्हैस, एक गुरांचे डॉक्टर, निम्मं पाली गाव आणि माझी सख्खी बायको एवढी सगळी अडकली. त्यातली म्हैस तर खरी नव्हतीच!

थांबा, नीट सांगतो.

मी भोरमध्ये एका कार्यालयात मोठा कारकून आहे. मोठा म्हणजे वयानं. ऑफिसात आणि घरात माझी एकच ख्याती : या माणसाला मोबाईलचा तिटकारा आहे. "त्या डबड्यात काय पुरून ठेवलंय?" हे माझं वाक्य सगळ्यांना पाठ. आणि ते मी मनापासून बोलत असे. टीव्हीनं माझा घात करेपर्यंत!

झालं काय, की आम्ही घरी सिनेमे-मालिकांचं एक ॲप घेतलं. घेताना कंपनी म्हणाली, पैसे भरा, एकही जाहिरात दिसणार नाही. भरले. काही महिने सुखाचे गेले. मग कंपनी म्हणाली, आता जाहिराती दिसतील, पण थोड्याशाच हं! त्याही नको असतील तर वरचा प्लॅन घ्या. म्हणजे बघा, आधी घराला दार लावायचे पैसे घेतले, मग दार उचकटून नेलं, आणि आता म्हणतात, दार परत हवं असेल तर आणखी टाका! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दमडी देणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व! बघेन जाहिराती!

आणि तत्त्वाचा माणूस तिथंच गारद झाला.

मालिकेतली सून दार उघडणार, दारात कोण उभं आहे ते आता कळणार, एवढ्यात पडद्यावर हिरवंगार शिवार आलं. त्यात एक गाय. लांब पापण्या. तिनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. खाली लिहिलेलं : 'माझा गोठा. खेळा अगदी मोफत.' माझ्या आजोबांनी डोंगरात गुरं राखली, वडिलांनी ती विकून भोरला बिऱ्हाड केलं, आणि मी ती त्या संध्याकाळी मोबाईलवर परत घेतली. बायको स्वयंपाकघरात होती. कुणाला काही कळलं नाही.

पहिले काही दिवस काय थाट! गाय हंबरायची, बादली भरायची, नाणी खळखळ पडायची. आणि एके दिवशी चारा संपला. आता चारा पाहिजे तर जाहिरात बघा, एक पेंढी मिळेल. दुसरी पाहिजे तर दुसरी जाहिरात. बघायची नसेल तर हिरे विकत घ्या. हिरे! गवताला हिरे! मी कधी घेतले नाहीत. म्हणजे फारसे नाही घेतले. तो विषय सोडा.

पण खरा छळ होता सूचनांचा. फोन थरथरला की कपिला, म्हणजे माझी गाय, तिचा काहीतरी निरोप. 'कपिला तुमची वाट पाहते आहे.' तासाभरानं, 'कपिलानं आज तोंडात काडी घेतली नाही.' जेवताना घास घशात अडकायचा. साहेब मीटिंगमध्ये बोलत असायचे आणि माझी मांडी खिशातल्या फोनसकट थरथरायची. पुढं पुढं तर फोन टेबलावर आणि मांडी नुसतीच थरथरतेय! मग मी उठायचो, आणि जागा एकच, कडी लावता येईल अशी. ऑफिसात तीच, घरीही तीच.

"अहो, पोट बरं नाही का? आज चौथ्यांदा गेलात."

"जरा ढवळल्यासारखं होतंय."

बायकोनं मला मुगाची खिचडी लावली. सकाळ-संध्याकाळ खिचडी! मी ती मुकाट खाल्ली, पण कपिलाला उपाशी ठेवलं नाही.

आता 'कपिला' हे नाव कुठून आलं? खेळात गाय घेतली की विचारतात, नाव काय ठेवता? मला जगात नावानं ओळखीची एकच गाय होती. माझ्या सासऱ्यांची. ठेवून दिलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते राहतात वेल्ह्याकडं, पालीच्या वर डोंगरात. दहा-बारा घरांची वाडी. गाडीरस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही. चार गाई, दोन म्हशी आणि त्यांच्यापायी जीव टाकणारे मामा. तर मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच सुमारास भोरला झालं आणि ते आमच्याकडं राहायला होते. गुरं त्यांचा मुलगा दत्तू आणि सून पारू बघत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं : वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, आणि थेंब वेळच्या वेळी. नाहीतर डोळा हातचा जाईल.

पट्टी निघाली आणि मामा वाचत सुटले. शाळा चौथीपर्यंतची, पण डोळा कोरा करकरीत! साबणाचा कागद वाचला, कॅलेंडरची मागची बाजू वाचली, गॅसच्या टाकीवरच्या सूचना वाचल्या. समोरच्या बंगल्याची पाटी वाचून तर माझ्या बायकोकडं घरात पळत आले.

"सुनंदे, त्या दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिवलंय की गं! आरं, म्या इतकी वर्सं तितनं बिनघोर जातुय!"

आता मुद्द्यावर येतो. त्या सकाळी फोनचं चार्जिंग संपलं होतं, म्हणून मी तो बाहेर लावला आणि नुसताच आंघोळीला गेलो. डोक्याला साबण लावला, डोळे मिटले, आणि बाहेर कपिलाचा निरोप आला. आणि तो सूचनेसारखा दिसतच नाही हो! खेळाचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं. बाकी अगदी घरच्या माणसाचा मेसेज वाटावा, अशी त्या कंपनीची करामत.

मामांनी नव्या डोळ्यांनी खणखणीत वाचला :

"'कपिला उपाशी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. उशीर होण्याआधी या!'"

मग एकच हाक. "जावईबापू! भाईर या! कपिला चालली!"

इथं मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? साबणाच्या फेसातून मी ओरडलो, "चारा संपला का?"

झालं! मामा बायकोला म्हणाले, "बघ! जावईबापूंनाबी ठावं हाय! म्हातारा डोळ्याचा आजारी, त्येला कशाला सांगा म्हून लपवलंय दोगांनी!"

मी टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर मामा पटका बांधून तयार, पायांत वहाणा, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. बायको थेंबांची बाटली घेऊन मागं मागं.

"आबा, डॉक्टर काय म्हणालेत? तुम्ही कुठं निघालात?"

"दत्त्यानं पालीला उतरून मेसेज धाडलाय. त्यो बिनकामाचा डोंगूर उतरायचा न्हाई. जनावर अगदी टेकलं आसंल."

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, तिथंच सांगायचं ना खरं! सांगणार होतो. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे फोन उघडून दाखवायला हवा. आणि फोन उघडला की कपिलाच्या शेजारी एक म्हैस दिसते. आणि त्या म्हशीचं नाव मी सुनंदा ठेवलं होतं.

प्रेमानं ठेवलं होतं हो! मला ठाऊक असलेलं सगळ्यात गोड नाव! पण बायकोपुढं काळी म्हैस धरून हे समजावून सांगा बरं तुम्ही!

मी उघडलेलं तोंड मिटलं. म्हटलं, "मामा, तुम्ही डोळा सांभाळा. मी जाऊन बघून येतो."

"माझी गाय मराया लागली आन् म्या हितं थेंब घालून पडू? गाडी बोलवा!"

मी मनात हिशेब केला : जीप बोलवू, कापूरहोळपर्यंत जाऊ, तिथं 'दत्तूचा फोन आला, गाय बरी आहे' म्हणू, मिसळ खाऊ आणि मागं फिरू. किती सोपं! पण माझी बायको कामाला फार उरकी. मी शर्टाची बटणं लावतोय तोवर तिनं कुणाकुणाला विचारून गुरांच्या डॉक्टरांना फोन केलासुद्धा.

"ते निघालेत वेल्ह्याहून. पालीत थांबतो म्हणाले. बिचारे जेवण टाकून निघाले हो!"

आता कसली मिसळ!

जीप सुटली. मामा पुढं, मी आणि बायको मागं. माझ्या खिशात फोन. कापूरहोळ गेलं आणि फोन थरथरला.

"काय म्हंतुय दत्त्या?" मामा मागं न बघता म्हणाले.

"जरा बरं आहे म्हणतोय."

नसरापूरला परत थरथरला.

"आता?"

"पाणी प्यायली म्हणतोय."

"पाणी प्यायली? उपाशी जनावर पाण्यापतोर उठलं कसं?"

"ते... बसल्या बसल्या प्यायली."

म्हटलं, आधी या सूचना बंद करू. फोन गुडघ्यांमध्ये धरून शोधतोय, शोधतोय, तर बटण सापडेल तर शपथ! कंपनीनं ते सात दारांआड नेऊन ठेवलेलं. अखेर सापडलं, दाबलं, तर कंपनी विचारते, नक्की बंद करायच्या? आणि खाली दोन उत्तरं. मी वाचतोय तोवर काळा चष्मा माझ्या फोनवर वाकलेला!

"'होय, मला माझ्या जनावरांची पर्वा नाही.' आँ? ह्ये कोण इचारतंय?"

"मामा, ती... सरकारी योजना आहे. गुरांची."

"मंग पर्वा न्हाई कसं? पर्वा हाय म्हणा की!" आणि मामांनी आपल्या रापलेल्या अंगठ्यानं दुसरं उत्तर दाबलं. 'नको, मला माझी जनावरं प्रिय आहेत.'

कंपनी खूश झाली. तेव्हापासून सूचना दुप्पट!

मार्गासनी मागं पडलं आणि माझ्या फोनची रेंज गेली; पालीत लागतो तो दत्तूचा फोन, माझा नाही. फोन गप्प झाला. जीव भांड्यात पडायला हवा होता की नाही? पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला उलट तळमळच सुरू झाली. इकडं खोट्याचा डोंगर उभा राहिलाय, सासरा डोळा पणाला लावून निघालाय, आणि मी विचार करतोय, आता कपिलाला पेंढी कोण टाकणार? त्या कपिलाला हो! मोबाईलमधल्या!

पालीत चहाच्या हॉटेलपाशी डॉक्टर मोटारसायकलला टेकून उभे होते. आडवेतिडवे गृहस्थ, हातात जड पेटी, चेहऱ्यावर न जेवल्याचा राग. राजगडावरून उतरलेली ट्रेकिंगची पोरंपोरी चहा पीत बसली होती. मी मामांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "वर फुफाटा आहे. डोळ्यात कण गेला तर आयुष्याचा प्रश्न. तुम्ही इथं बसा, मी डॉक्टरांना घेऊन जातो." बायकोनंही दम भरला तेव्हा कुठं ते बाकड्यावर टेकले.

मी डॉक्टरांची पेटी खांद्यावर घेतली आणि चढायला लागलो. पायवाट उभी, ऊन तापलेलं.

"लक्षणं काय आहेत?" डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"उपाशी आहे."

"म्हणजे चारा खात नाही?"

"नाही, म्हणजे... मिळत नाही."

डॉक्टर थांबले. "अहो, मग घाला ना चारा! मला कशाला वर चढवताय?"

वाडी आली. आंब्याच्या सावलीत कपिला बसली होती. तकतकीत अंग, डोळे अर्धे मिटलेले, निवांत रवंथ चाललेला. तिच्यापेक्षा मी दहापट आजारी दिसत होतो.

दत्तू धावत आला. "दाजी? तुमी? आन् डॉक्टरसायेब? आबाला काय झालं का?"

"आबा बरे आहेत. कपिला..."

"कपिलाला काय धाड भरलीय?"

"तुम्हीच मेसेज केला ना, उपाशी आहे म्हणून?" डॉक्टरांनी दत्तूला विचारलं.

"म्या? मेसेज? हितं कुठं हाय रेंज?"

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी आंब्याच्या मोहराकडं बघत राहिलो. फार छान मोहर आला होता यंदा.

मी म्हटलं, आत्ता या दोघांना बाजूला घेऊन सांगून टाकू. खाली जाऊन काहीतरी जुळवू. एवढ्यात पायवाटेवरून आवाज आले. बघतो तर काय, माणसांची रांग! मामांनी हॉटेलात बसल्या बसल्या डोळे न पुसता, कारण पुसायची मनाई होती, "माझी गाय उपाशी मराया लागली" म्हणून सगळ्यांना सांगितलेलं. आणि पाली म्हणजे मायाळू गाव. कुणी डोक्यावर हिरव्या मक्याचा भारा, कुणी लसूणघास, हॉटेलवाल्यानं घमेलंभर शिळा भात. ट्रेकिंगच्या पोरांनी बिस्किटं आणि केळी आणलेली. आणि सगळ्यांत शेवटी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, चार धट्ट्याकट्ट्या पोरांच्या खांद्यांवर, काळ्या चष्म्यातले मामा! मागं बायको, पदरानं त्यांच्या तोंडावरची धूळ वारत.

खुर्ची खाली टेकली आणि मामा दत्तूवर तुटून पडले.

"दत्त्या! आठ दिस माझी पाठ वळली तर जनावर उपाशी मारलंस? लाज न्हाई वाटत? आन् पारू, तूबी?"

"आबा, म्या काय केलं? दोन टायमाला वैरण घालतुय!"

"मंग मेसेज काय वाऱ्यानं धाडला?"

पारू आतापर्यंत गोठ्याच्या दाराशी उभी होती. ती पुढं आली. "मामंजी, पहाटं उठून म्या डोंगरातनं भारा आणती. माझ्या लेकराच्या आदी हिच्या तोंडात घास जातुया. सगळ्या पालीम्होरं आमाला उपाशी मारणारी म्हंता?" आणि तिला हुंदकाच फुटला.

दत्तू मान खाली घालून उभा. वाडीतली माणसं गोळा झालेली. कुणी हसत नव्हतं. मी डॉक्टरांची पेटी खाली ठेवली आणि पुढं झालो.

"मामा," मी म्हणालो, "दत्तूचा दोष नाही. मेसेज त्याचा नव्हताच. ती कपिला ही नव्हे."

"मंग कोंची?"

"मोबाईलमधली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, बायकोनं परत खाली ओढला.

"मोबाईलमधली म्हंजे?"

मी सांगायला लागलो. गोठा, पेंढी, जाहिरात, हिरे. जितकं सांगत गेलो तितकी माणसं माझ्याकडं दयेनं बघायला लागली. पारूनं डोळे पुसून दत्तूच्या कानात विचारलं, "दाजींना ऊन लागलं का वं?" मी फोन काढून खेळ उघडला, तर पडद्यावर नुसतं : 'इंटरनेट नाही. तुमची जनावरं वाट पाहत आहेत.' पुरावाही जागेवर नाही!

"त्या वरच्या खडकावं येती कवा कवा रेंजची एक काडी," दत्तू म्हणाला.

मग मी, बायको आणि दत्तू खडकावर. मी फोन आभाळाकडं धरून उभा. काडी आली. आणि इतका वेळ तुंबलेल्या सगळ्या सूचना एकदम कोसळल्या! फोन हातात नाचायला लागला. बायकोनं तो शांतपणे माझ्या हातातून काढून घेतला आणि वरची सूचना वाचली.

"'सुनंदा म्हातारी झाली आहे. ती आता पुरेसं दूध देत नाही. तिला बदला, तरुण म्हैस मिळवा. फक्त आज!'"

दत्तूनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"अहो. ही सुनंदा कोण?"

"म्हैस."

"म्हैस."

"प्रेमानं ठेवलंय गं नाव."

"आणि हे 'बदला' कोण म्हणतंय?"

"कंपनी."

"कंपनीला कुणी सांगितलं, मी म्हातारी झाले ते?"

तेवढ्यात खालून पारूची किंकाळी आली. "डॉक्टर! धावा! कपिलाची कूस फुगली!"

आम्ही घसरत खाली. काय झालं होतं सांगू? सगळ्यांचं लक्ष माझ्या तमाशाकडं, आणि येईल तो माणूस कपिलापुढं आपलं दान ओतत होता. मका, लसूणघास, घमेलंभर शिळा भात, केळी सालीसकट, बिस्किटांचे पुडे. आणि तिनं कुणालाच नाही म्हटलं नाही! डावी कूस ढोलासारखी टम्म. जीभ बाहेर, श्वास जड, पाय झाडत होती. आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं.

"कुणी घातला भात?" डॉक्टर गरजले. हॉटेलवाला गर्दीत नाहीसा झाला. डॉक्टरांनी पेटी उघडली, सुई टोचली. दत्तूनं जबडा धरला, नळी आत गेली, गोडंतेल ओतलं. "हिला बसू देऊ नका! बसली तर अवघड आहे. चालवा, चालवत राहा!"

दत्तूनं दावं उचललं. मामा खुर्चीतून म्हणाले, "तू थांब. जावईबापू चालवतील."



मी दावं घेतलं. आंब्यापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून आंब्यापर्यंत. ती अडून बसायला बघायची, मी ओढायचो, मागून पारू ढकलायची. तिचा गरम श्वास माझ्या हातावर लागत होता. इतकी वर्षं मी या गाईला लांबूनच बघितलेलं. इथं जाहिरात बघून सुटका नव्हती, वेळ पुढं ढकलायला हिरा नव्हता. मी तिच्याशी काहीबाही बोलत होतो. "चल बाई. आणखी एक फेरी. तुझ्या पाया पडतो." मामा काळ्या चष्म्यातून नुसते बघत होते, हात खुर्चीला घट्ट. मला एकदम वाटलं, ही गेली तर या माणसाला मी पुन्हा तोंड कसं दाखवू?

किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. ऊन कलायला लागलं. एकदा वळताना मी तिच्या अगदी तोंडासमोर आलो, म्हटलं, "कपिला, माझे आई..."

आणि तिनं ढेकर दिला.

ढेकर म्हणजे? अहो, भात, केळी, लसूणघास, बिस्किटं, सगळ्यांचा मिळून वारा! माझ्या थेट तोंडावर! मी मागं कोलमडलो, आणि सगळ्या वाडीनं, पालीनं आणि ट्रेकिंगवाल्यांनी एकच जल्लोष केला. पाठोपाठ तिनं शेण टाकलं. डॉक्टर म्हणाले, "सुटली!" मामांनी चष्मा काढून डोळ्याला हात नेला, आणि बायको ओरडली, "आबा, हात नाही लावायचा!"

पारूनं चहा केला. मामांनी तिला जवळ बोलावलं, म्हणाले, "पोरी, माझं चुकलं." ती "ऱ्हावू द्या मामंजी" म्हणाली आणि त्यांना बशी दिली. मग मामा माझ्याकडं वळले.

"त्या मोबाईलातल्या गाईला आसं झालं तर काय करता?"

"बटण दाबतो."

"दूध कुठं जातं?"

"ते मोबाईलमध्येच राहतं."

"आन् वैरण?"

"वैरण माझ्या पैशाची."

मामांनी बशीतला चहा संपवला. मग दत्तूला म्हणाले, "दत्त्या, त्या कंपनीला इचार रं, आपली भाकड म्हस घेत्यात का."

परतीच्या वाटेवर रेंज आल्याबरोबर बायकोनं माझ्यासमोर खेळ काढून टाकायला घेतला. कंपनीनं गाय रडताना दाखवली. बायकोनं पुढचं दाबलं. कंपनीनं लिहिलं, 'सुनंदा तुम्हाला कधीच विसरणार नाही.'

"हे मात्र खरं आहे," बायको म्हणाली आणि शेवटचं बटण दाबलं.

मामांचा डोळा सुखरूप आहे. कपिलाही. मला वाटलं, संपलं. पण त्या ट्रेकिंगच्या पोरांपैकी कुणीतरी ढेकराचा व्हिडिओ काढला होता. आठवड्यानं ऑफिसात शिरतो तर सगळे एका फोनवर वाकून हसताहेत. "काय हो, गाईनं तुमचा मुका घेतला का?"

संध्याकाळी घरी जाऊन मी तो व्हिडिओ लावला. एकट्यानं. आपली फजिती केवढी झालीय ते आपल्याला कळायला नको? तर आधी जाहिरात! 'पुढे जा' म्हणायलाही जागा नाही. माझंच तोंड, माझीच गाय, माझाच ढेकर, आणि तो बघायला मीच जाहिरात बघायची! मी संतापानं लाल झालो. असं कुठं असतं का? जाहिरात एका खेळाची होती. मेंढ्यांचा कळप होता. पांढऱ्या, गुबगुबीत. त्यातल्या एकीनं मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं.

रविवारी दत्तू पालीला उतरला होता, तेव्हा त्याचा फोन आला. बोलता बोलता मी म्हटलं, "दत्तू, तुमच्या वाडीत कुणाकडं मेंढ्या आहेत का रे? त्यांना नावं काय ठेवतात?"

"न्हाईत. का वं दाजी?"

"काही नाही. सहज विचारलं."